डुकराला दिलेला रंग

"मंगळवारी जेसीबी येनार हाय. त्याच्या आधी ती भंगारात गेली पायजे," चांगदेव म्हणाला. चांगदेव माझा धाकटा भाऊ.

"तुझ्या बाची गाडी हाय ती," आई ओट्यावरून म्हणाली. "बारावा होऊन म्हयना झाला न्हाय."

"आये, गाडी कुठं हाय ती? डुक्कर हाय. सात वरसं जागची हलली न्हाय. खाली घुशींनी बिळं केलीत."

"घुशींना रावदे की. तुझ्या ताटातलं खातात काय रं त्या?"

ते डुक्कर म्हणजे बाबांचा तीनचाकी टेम्पो. पुढं लांब नाक, नाकाखाली एकच चाक, मागं लाकडी हौदा. भिवंडीत अशा टेम्पोला डुक्करच म्हणायचे. बाबांनी त्यात तीस वर्षं सुताच्या गोण्या वाहिल्या आणि सुगीत भाताचा पेंढा. आमच्या राहनाळच्या शेताला आता तिन्ही बाजूंनी गोडाऊनं लागली होती. उरलेल्या तुकड्यातही मुरूम पडायला सुरुवात झाली होती. वारा सुटला की ती तांबडी धूळ थेट आईच्या चुलीपर्यंत यायची.

मी शाळेत शिकवते, कल्याणला असते. त्या आठवड्यात रजा काढून आले होते. गुरुवारी दुपारी दोन तरुण मोटारसायकलवरून आत आले. गळ्यात कॅमेरे. मला वाटलं, गोडाऊनवाल्यांचे असतील. त्यांतला एक, कारखानीस नावाचा, पेंढ्याच्या उडवीकडे बोट करून म्हणाला, "ताई, ते नाक दिसतंय ते हॅन्सीट टेम्पोचं ना?"

"डुक्कर आहे ते," मी म्हणाले आणि उगाच हसले.

दोघं अक्षरशः धावले. ताडपत्री वर करून वाकून वाकून बघत राहिले. "अरे, दिवे बघ! हे पहिल्या खेपेतलं आहे." "आणि ही काच? अशी आपण फक्त फोटोत बघितलीय!" जुन्या गाड्या हुडकत फिरणारी ती मंडळी होती. जानेवारीत मुंबईत अशा गाड्यांची मिरवणूक निघते, दरवर्षी. "त्यात ही चालली पाहिजे," कारखानीस म्हणाला. "रविवारी आमच्या दस्तूरसाहेबांना घेऊन येतो. त्यांना पसंत पडली की गाडी आमची. तुम्ही काही करू नका हं, आहे तशीच राहू द्या."

आमच्याकडे पाहुणा 'काही करू नका' म्हणाला की लोक कोंबडी कापतात.

आई तर हरखून गेली. पण मी ताडपत्रीखाली पाहिलं आणि कानकोंडी झाले. गंज, कोंबड्यांची शिट, दाराच्या वरच्या कडेला रंग उडून निघालेला पांढुरका पत्रा. मुंबईची माणसं हे बघणार? या टेम्पोची लाज मला नवी नव्हती. कॉलेजात असताना बाबा सुताची खेप घेऊन निघाले की मला सोडायचे. मी कोपऱ्याच्या अलीकडेच उतरायची. पुढं पुढं न सांगताच ते तिथं थांबवू लागले. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

शेजारच्या गोडाऊनच्या शटरला रंग चालू होता. मी त्या रंगाऱ्याला बोलावलं.

"भैया, पहले अच्छे से घिसो," मी सांगितलं. "ये दरवाजे के ऊपर खास."

"चकाचक कर देंगे, मॅडम."

शनिवारी संध्याकाळी टेम्पो शटरसारखा निळा झाला. आई लांबूनच बघत म्हणाली, "नवरीवानी दिसते गो. बा असता तं फिरवून आनली असती."

रविवारी दस्तूरसाहेब आले. सत्तरीचे पारशी गृहस्थ, हातात काठी. उडवीला वळसा घालून आले आणि थांबले. कारखानीसच्या तोंडून फक्त "अरे..." निघालं.

म्हाताऱ्यांनी नखानं रंग खरवडून पाहिला. "ये किसने किया?"

"मी. पाहुणे येणार म्हणून."

"पॉलिश पेपर मारा? पूरा?"

"हो."

"खाली कंपनीचा रंग होता, बाई. चाळीस वर्सं टिकला." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. कारखानीसच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांनी मला गुरुवारचा फोटो दाखवला. "ये देखो. दरवाजे पे ड्रायवर की कोहनी. इतना घिसायला आख्खी उमर लागते. लोक हेच बघायला येतात."

फोटोत पांढुरका पत्रा होता, बरोबर एका कोपराएवढा. मी दाराकडे पाहिलं. तिथं रंग सगळ्यात दाट बसला होता.

"आता नाही नेणार?" मी विचारलं.

दस्तूरसाहेब कारखानीसशी इंग्रजीत हळू बोलले. मग म्हणाले, "गाडी म्हणून नाय. नाशिकला अशीच एक उभी हाय, तिला इंजिन नाय. याचं इंजिन, दिवे, काच तिला लावू. बाकी पत्रा..." त्यांनी हात हलवला.

मी मान डोलावली.

"काय म्हनतात गो?" आईनं ओट्यावरून विचारलं.

"नेतो म्हणतात."

सोमवारी सकाळी क्रेनची गाडी आली. चांगदेवसुद्धा मुकाट्यानं दोरखंड बांधायला लागला. आईनं शेजारच्या बायजाबाईला हाक मारली. स्वतः चार हात मागं उभी राहिली आणि बायजाबाईकडून टेम्पोच्या नाकाला हळदकुंकू लाववलं, नारळ फोडवला.

"कुठं चालली गो राहीबाई, तुमची गाडी?" बायजाबाईनं विचारलं.

"मुंबईला. मिरवनुकीत." आईचा आवाज इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा झाला होता. "मोठमोठी मान्सं बघायला येनार. आमचा मानूस असता तं..." तिनं पदरानं नाक पुसलं. "माझ्या लेकीनं रंगवली, म्हनून नेली त्यांनी. नायतं त्या भंगाराला कोन इचारतो?"

बायजाबाईनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "खरं काय गो कमळ?"

आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"खरं," मी म्हणाले.