आमच्या गावाला दिसू लागलं

आमच्या गावात कोणी कधी काही पाहिलेलं नसे. साक्ष दिली की समोरचा तुम्हाला खोटारडा म्हणून द्वंद्वाला उभं करू शके, आणि सरदारसाहेबांच्या बाजूने लढायला ओबेर नावाचा पगारी मल्ल होता. हा ओबेर इतका धिप्पाड, की दारातून तिरका होऊन आत यायचा. त्यामुळे साहेबांचं गवताचं कोठार जळालं तेव्हा आम्ही सगळे नेमके दुसरीकडे बघत होतो.

कारभारी गोतियेने आळ घेतला जोडे शिवणाऱ्या रेनोवर. आता त्याने ओबेरशी लढायचं, हरला तर फास. देव निरपराध्याला जिंकवतो, असं साहेब सांगत. आजवर देवाने ओबेरलाच जिंकवलं होतं.

रिवाजाप्रमाणे रेनोचं डोकं भादरून त्याच्या हाती काठी आणि ढाल दिली गेली.

"ढाल वर धर, मेल्या!" त्याची बायको एर्माँ कुंपणापलीकडून ओरडली.

"हात थरथरतोय गं!"

"मग काठीचाही थरथरू दे, चुकून लागेल तरी त्याला!"

तेवढ्यात राजाचा अंमलदार खेचरावरून आला. म्हणाला, राजाने द्वंद्वं बंद केली, यापुढे साक्षीपुरावा.

साहेब लालबुंद झाले. "माझ्या गावात माझा न्याय चालतो!"

"चालू द्या की, साहेब. निकाल पटला नाही तर हा आरोपी पॅरिसला राजाकडे दाद मागेल, एवढंच. आणि साक्षीदाराच्या केसाला धक्का लागला, तर गाठ राजाशी."

मग विधवा इझाबो पुढे झाली. "आग कारभाऱ्याने लावली. कोठारात बसून चेस्टनट भाजत होता."

"म्हातारे, तुला दिसतं तरी का?" गोतिये खेकसला.

"आजपासून दिसतं."

पाठोपाठ पाणचक्कीवाल्यालाही आठवलं. पाद्रीबाबा घसा खाकरून म्हणाले, "मलाही दिले होते त्याने थोडे. बरे भाजले होते."

अंमलदाराने गोतियेला खेचरामागे बांधलं आणि रेनोला मोकळं केलं. पण पहिला सुस्कारा सोडला तो ओबेरने. तो मटकन खाली बसला. "ईस्टरपासून गुडघा गेलाय माझा. सांगणार कोणाला?"

एर्माँने नवऱ्याच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "केस तेवढे फुकट गेले."

"हिवाळ्यापर्यंत येतील," रेनो म्हणाला. आळ आल्यापासून पुढच्या कुठल्या दिवसाचं नाव त्याने पहिल्यांदाच काढलं होतं.