चालू स्थितीत

हरिदासनं बोर्डाला उजव्या अंगानं एक चापट मारली. लाल आकडे विझले, फडफडले, पुन्हा पेटले, आणि अर्धवट दिसणारा सहा पूर्ण झाला. आज की सौर ऊर्जा : ४६ युनिट.

"बस, बस. आता हात नका लावू त्याले," खालून शेखरसाहेब म्हणाले. शिडी त्यांनीच धरली होती. एरवी सब-इंजिनिअरसाहेब कुणाची शिडी धरत नाहीत. विद्यापीठाला ग्रेड द्यायला येणारी समिती गेटपाशी पोचली असणार, हे हरिदासला त्यावरूनच कळलं.

"आतून लूज आहे, साहेब."

"संध्याकाळपर्यंत टिकलं म्हणजे झालं. मग फेका बुढातालाबात."

विद्यापीठाला हिरवं व्हायचं होतं, आणि तेही सोमवारपर्यंत. लॉन हिरवं दिसावं म्हणून शुक्रवारपासून मुलींच्या हॉस्टेलचं पाणी तोडून पाइप गवतावर सोडला होता. चार दिवस पोरी बादल्या घेऊन शेजारच्या इमारतीत आंघोळीला जात होत्या. प्राध्यापकांना सायकलनं यायचा आदेश होता. सकाळी एक टेम्पो सायकली घेऊन आला, साहेब लोकांनी मोटारी पाण्याच्या टाकीमागं लपवल्या आणि तिथून गेटपर्यंत सायकली हातानं ढकलत नेल्या, कारण निम्म्यांना चालवता येत नव्हत्या. हरिदासला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला चार दिवसांत सतरा वेळा छतावर चढवलं की हसू गुडघ्यांतूनच निघून जातं.

छतावर सूर्याच्या एकशे वीस पाट्या होत्या. त्यांच्या तारा एका जाड पाइपातून खाली येत, सभागृहामागच्या स्विचरूममध्ये शिरत आणि एका लोखंडी पेटीत संपत. पेटीत काहीच नव्हतं. इन्व्हर्टरचं मशीन आलं नाही, बॅटऱ्या आल्या नाहीत, ठेकेदार पुन्हा दिसला नाही. बोर्ड साध्या लाइटीवर जळत होता आणि शिकवलेला तोच आकडा रोज पोपटासारखा दाखवत होता. 'संयंत्र चालू स्थितीत मिळाले', असा कागद तीन वर्षांपूर्वी फाइलला लागला, त्यावर वायरमन म्हणून सही होती हरिदास मेश्रामची. आठ दिवसांत मशीन येते, तुम्ही सही ठोका, असं शेखरसाहेब म्हणाले होते.

"ऐका," साहेबांनी शिडी सोडली. "ग्रेड मिळाला तर पर्यावरणाचा सेल उघडणार. त्यात एक पोस्ट. अन् यादीत पहिलं नाव कोणाचं, सांगायची गरज आहे काय? तुमच्याच पोट्टीचं. म्हणून म्हणतो, तोंड बंद ठेवजा."

हरिदासनं शिडी मिटली.

त्याची मुलगी पायल इथंच एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, पर्यावरण विषय घेऊन. बीरगांवात वाढलेल्या पोरीला हा विषय पुस्तकात शोधावा लागला नाही. सकाळी झाडलेलं अंगण दुपारपर्यंत कारखान्यांच्या काजळीनं काळं पडायचं, दोरीवरचा पांढरा शर्ट त्याची बायको कमला दोनदा धुवायची. छतावर पाट्या बसल्या त्या दिवशी पायल कॉलेजातून नाचत घरी आली होती. तेव्हापासून हरिदास कामावरून आला की तिचा एकच प्रश्न, "पापा, आज कितना हुआ?" आणि हरिदास बूट काढता काढता सांगायचा, छेचाळीस. कोळसा न जाळता छेचाळीस युनिट! ती वहीत लिहून घ्यायची. त्या वहीवरून तिनं भिंतभर तक्ता बनवला होता, आणि तो आज सभागृहात टांगला होता. हरिदास त्याच्यासमोरून जाताना खाली बघून जायचा.

समितीचे प्रमुख प्रोफेसर रामकृष्ण दक्षिणेकडचे, बारीक अंगाचे, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी सायकलींकडं पाहिलं नाही, कुंड्यांकडं पाहिलं नाही. स्विचरूम कुठं आहे, एवढंच विचारलं. शेखरसाहेबांचा चेहरा पडला. मागून दहाबारा माणसं त्या कोंदट खोलीत घुसली. पायल माहिती द्यायला पुढं होती, गळ्यात ओळखपत्र, हातात कागद.

"इसमें लिखा है," प्रोफेसरांनी विद्यापीठाच्या पुस्तिकेवर बोट ठेवलं, "कि बिजली चली जाए तो भी यह हॉल सूरज पर चलता है."

"हाँ सर," शेखरसाहेब म्हणाले.

"अच्छी बात है. तो मेन बंद कीजिए. दो मिनट. देखते हैं."

सगळ्यांचे डोळे हरिदासकडं वळले, कारण मेन स्विचजवळ तोच उभा होता. त्यानं हँडलवर हात ठेवला. तीन वर्षं छातीवर ठेवलेलं पोतं कुणी उचलावं तसं झालं. आता काही बोलायची गरज नव्हती. हँडल खाली ओढायचं, बस्स. पंखे थांबतील, बोर्ड विझेल, आणि बाकीचं अंधारच सांगेल. पोरीच्या तोंडाकडं मात्र बघायचं नाही, असं ठरवून त्यानं मूठ आवळली.

"सर, बंद नहीं कर सकते."

आवाज पायलचा होता.

"नीचे लैब के डीप फ्रीज़र में सैंपल हैं, सर. दो पीएचडी वालों का काम है. दो मिनट भी गया तो सब खराब."

ती अडखळली नाही. कागदाकडं पाहिलं नाही. प्रोफेसरांनी चष्मा वर केला, तिच्याकडं नीट पाहिलं आणि मान हलवली. "नहीं नहीं, फिर रहने दीजिए. बच्चों का काम खराब नहीं करना." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. शेखरसाहेबांनी श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू गेला. जाता जाता ते हरिदासच्या खांद्यावर थाप मारून पुटपुटले, "वाघीण आहे पोट्टी!"

हरिदासचा हात हँडलवरच राहिला होता. त्यानं तो काढून घेतला आणि पँटला पुसला.

दुपारी समिती गेस्टहाऊसला जेवायला गेली. बापलेक स्विचरूमच्या मागच्या पायरीवर डबा घेऊन बसले. कमलानं भेंडी दिली होती.

"खाली कोणता फ्रीझर आहे वं?" हरिदासनं विचारलं.

"पहले खा लो, पापा."

"मी काय विचारून राहिलो?"

"टूटी कुर्सियाँ हैं. मालूम है मेरे को."

"अन् पेटीतलं?"

"वो भी." तिनं पोळीचा तुकडा मोडला. "पिछले सावन से."

"कोणं सांगितलं?"

"आप ही ने." ती हसली, पण हसू ओठांतच राहिलं. "नौ दिन सूरज नहीं निकला था. अम्मा के कपड़े सूख नहीं रहे थे. और आप रोज़ आके बोल रहे थे, छियालीस. थोड़ा तो कम करते, पापा. बारह. पंद्रह."

हरिदासनं हातातला घास डब्यात परत ठेवला. तीस वर्षं तारांमधला बिघाड वासावरून ओळखणारा माणूस. ढगात सूर्य कमी होतो, एवढं त्याच्या खोटेपणाला सुचलं नव्हतं.

"मंग वहीत काहून लिहीत होती?"

"आप खुश होके बताते थे."

"मी?"

"हव. आपको लगता था मैं खुश होती हूँ."

गवतावर पाइप अजून चालूच होता. एक हॉस्टेलची पोरगी बादली घेऊन त्या पाइपापाशी आली, इकडंतिकडं पाहिलं आणि बादली भरून पळाली. दोघांनी ते पाहिलं.

"आज तर मी ओढतच होतो," हरिदास शेवटी म्हणाला. "तू मधात बोलली नसती तर ओढलं असतं."

"देखा मैंने. इसीलिए बोली."

"पायल, हे खोटं आहे. सगळं."

तिनं डब्याचं झाकण लावलं. घरात मराठी समजून हिंदीत उत्तर देणारी पोरगी, या वेळी मराठीत बोलली. सावकाश, समजूत घालावी तशी.

"बाबा, बाहेरून बोंबलून कोणी ऐकते का? मले एकदा पोस्ट मिळू द्या. मग मी आत राहून सगळं बरोबर करून घेईन."

आणि ती हात धुवायला नळाकडं गेली.

हरिदास बसून राहिला. हे बोलणं त्यानं ऐकलेलं होतं, शब्दाला शब्द. त्याच्याच तोंडून. सही केली त्या संध्याकाळी कमलानं विचारलं होतं, असं काहून केलं? तेव्हा तो रोजंदारीवर होता आणि कायम करायची फाइल शेखरसाहेबांच्या टेबलावर होती. तो म्हणाला होता, एकदा पर्मनंट होऊ दे मले, मग आत राहून सगळं बरोबर करतो. अडीच वर्षं झाली पर्मनंट होऊन. या अडीच वर्षांत त्यानं आत राहून फक्त आतला रस्ता पाठ केला होता.

गेस्टहाऊसकडून माणसं परतू लागली. सभागृहात पंखे फिरत होते, पडद्यावर चित्र लागलं होतं. शेवटचं सादरीकरण पायलचं होतं.

हरिदास उठला. भिंतीच्या कडेनं तो मागच्या पत्र्याच्या शेडकडं गेला. तिथं डिझेलचा जनरेटर होता. सकाळी समितीच्या नजरेला पडू नये म्हणून त्याची चावी बंद होती; दुपारच्या सादरीकरणासाठी ती पुन्हा लावली होती, म्हणजे मेन बंद पडला की बारा सेकंदांत तो आपोआप सुरू झाला असता. हरिदासनं त्याची चावी बंद केली, काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

मागं वळला तर पायल ओल्या हातांनी उभी होती.

"पापा? चाबी काहे निकाली?"

तो तिच्या बाजूनं पुढं निघाला. माइकवर तिचं नाव पुकारलं गेलं.

"जाय आत," तो म्हणाला. "नाहीतर सांग शेखरसाहेबांले. मी रागावणार नाही."

ती आत गेली नाही, साहेबांकडंही गेली नाही. ओढणीला हात पुसत तिथंच उभी राहिली.

हरिदास स्विचरूममध्ये शिरला. दार लोटलं, पण तिला यायचं असेल तर म्हणून कडी लावली नाही, आणि मेनच्या हँडलवर हात ठेवला. माइकवर पायलचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं.