साठ अंशांवरचा खळगा

मावशीच्या प्रयोगशाळेत मी नाक दाबूनच शिरते. भट्टीत जळलेला गोंद, सोल्डरिंगचा धूर, आणि सिंकमध्ये कुणाच्या तरी कपात बुरशी धरलेला चहा. शी. तरी शाळा सुटली की मी तिथेच, कारण मावशीइतकं भन्नाट माणूस आमच्या अख्ख्या खानदानात नाही.

ती सिरॅमिकच्या पांढऱ्या चकत्या तापवते. दिसायला कोटाची बटणं, पण आतले विद्युतभार एका दिशेला माना वळवून बसलेले. एकशेवीस अंशांच्या आसपास ही शिस्त मोडते आणि आतली रचनाच बदलते. त्या सुमारास चकतीची भार साठवायची ताकद एकदम चढते आणि चकती जराशी मऊ पडते. मावशी दोन्ही मोजते. भाराच्या आलेखात शिखर येतं. चकती विजेने थरथरवून काढलेल्या दुसऱ्या आलेखात खळगा.

यंदा त्या दुसऱ्या आलेखात साठ अंशांवर आणखी एक छोटा खळगा आला. मावशीचे साहेब, ज्यांना सगळे मागून इस्त्री म्हणतात, खूश झाले. हा नवाच बदल आहे, येत्या संशोधन सभेत मांड, नोकरी कायम झालीच समज, असं म्हणाले. मावशी कित्येक वर्षं तात्पुरती आहे. आईने तर पेढ्यांचं ठरवूनही टाकलं.

आज मावशीने तीच चकती पुन्हा तापवली आणि मी भट्टीच्या झाकणाशी नाक नेलं. इतक्या घाणीत एक वास ओळखीचा निघाला. मेणाचा. घासताना चकती लोखंडी पट्टीला मेणाने चिकटवतात, मग द्रावणात उकळून धुतात. गार झाल्यावर मी चकतीच्या कडेवरून नख फिरवलं. नखाखाली पिवळट, घासणीच्या काजळीने माखलेला लगदा आला. मी बोट लांब धरलं.

"मावशी, ही धुतली होतीस ना?"

"घाईत पुसली होती," ती म्हणाली.

साठ अंशांना मेण वितळतं. खरा बदल असता तर भाराच्या आलेखातही दिसला असता, पण तिथे साठवर काहीच नव्हतं, हे तर मलाही दिसत होतं. चकती बदललीच नव्हती. तिच्या अंगावरची घाण वितळत होती.

मावशीने इस्त्रींना बोलावून सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, आलेख काढून झालाय, आता पुन्हा मोजू नकोस. धुतली की पुसली, सभेत कोण विचारतंय? मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, भाची हुशार आहे हो. ते मेण केसांना फासल्यासारखं वाटलं.

पण खरी किळस पुढे आली. मावशीने चकती उचलली आणि न धुताच डबीत ठेवली. माझ्या मावशीने.

"म्हणजे तू या मळावर कायम होणार," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. बराच वेळ डबीच्या झाकणाशी चाळा करत राहिली. मग चकती काढली, द्रावणात टाकली आणि खाली शेगडी लावली. इस्त्री नीट विचार कर म्हणून निघून गेले.

धुतलेल्या चकतीचा आलेख साठवरून सरळ गेला, सपाट. एकशेवीसचा खळगा मात्र जागच्या जागी.

"उद्या सभेत हाच दाखवते," मावशी म्हणाली.

आईला काय सांगायचं, ते बसस्टॉपपर्यंत आमचं ठरलं नाही. रस्ता ओलांडताना मावशीने माझ्या लहानपणीसारखा हात पुढे केला. मी धरला. मेणाने अजून चिकट होता. शी.