त्रेचाळीस हजार वाचक आणि झेललेली एक ओळ

गोंडपिपरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकं वाचायला कधी गर्दी झाली नाही. पुस्तकाचे वाचक बघायला मात्र झाली. संगणकाला झेंडूची माळ, समोर नारळ, आणि पडद्यावर आकडा चढतोय: एक्केचाळीस हजार दोनशे, दोनशे एक, दोनशे दोन.

पुस्तक गुणाबाईचं. धानाच्या रोवणीत तिनं जन्मभर गायलेली गाणी ग्रंथपाल सरितानं उतरवून घेतली आणि कुणालाही फुकट वाचता यावीत म्हणून इंटरनेटवर ठेवली. पुस्तक किती वेळा उघडलं, ते सांगणारा आकडा पानाच्या कडेला. वर्षभरात तो दोनशे बारावर येऊन बसला होता. मग मार्कंड्याच्या देवळाकडून गुणवंतराव नावाचे अंकसिद्ध महाराज आले. पडद्याला विभूती लावली, झोळी मांडीवर घेऊन डोळे मिटले, आणि आकडा धावू लागला.

"वाचक म्हणजे पाखरं," महाराज म्हणाले. "मी शीळ घालतो, ती अमेरिकेतून येतात. पथ्य एकच. गाणं बांधावर गायचं नाही, चिखलात त्याची शक्ती सांडते. उरलेली गाणी बाईनं फक्त माझ्या कानात सांगावी."

गुणाबाईनं पथ्य पाळलं, आणि रोवणी मुकी झाली. आमच्याकडे एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी जबाब देऊन ती झेलायची. टाकणारीच गप्प, तेव्हा वीस बाया वाकून नुसता चिखलाचा आवाज ऐकत होत्या. सरिता बांधावर गेली.

"काऊन गाऊन नाई राह्यली, बाई?"

"कायले गाऊ? चाळीस हजार लोकं वाचून राह्यले म्हणते."

"त्यातल्या एकानं तरी ओळ झेलली का?"

गुणाबाईचा हात रोपांच्या पेंढीवर थांबला. "नाई झेलली, तं वाचली कशी म्हणाव?"

सरितानं परत येऊन आकड्यामागची नोंद उघडली. चार दिवसांतले सगळे वाचक याच वाचनालयाच्या वायफायवरून आलेले, दर दोन सेकंदांनी एक, आणि दुसऱ्या पानावर कुणीच गेलेलं नाही. महाराज जेवायला उठले की अमेरिकाही जेवायला उठत होती.

दुसऱ्या दिवशी भरल्या गर्दीत तिनं वायफाय बंद केलं आणि स्वतःच्या मोबाइलवर, त्याच्याच इंटरनेटवरून, तेच पान सगळ्यांना दाखवलं. आकडा त्रेचाळीस हजारांवर थिजला. महाराजांनी मंत्र वाढवला. आकडा ढिम्म.

"पाखरं थकली का, महाराज?" गर्दीतल्या नथ्थूभाऊंनी मागून विचारलं. "झोळी दाखवता का जरा?"

झोळीत एक मोबाइल होता. तेच पान दर दोन सेकंदांनी आपोआप उघडायला लावलेला. प्रत्येक उघडणं म्हणजे एक वाचक. झाला चमत्कार.

हशा झाला, पण गुणाबाई हसली नाही. "मंग माही गाणी कोणीच नाई वाचली?"

"महाराजांचा मोबाइल वजा केला तं उरले दोनशे बारा," सरिता म्हणाली. "त्यातही अर्धी यंत्रंच, इंटरनेटवरची पानं गोळा करत फिरणारी. शेवटच्या पानावरी गेले ते सदतीस. अन् एकीनं महिन्याआधी पत्र धाडलं. मीबी आकडाच पाहत बसली, उघडलंच नाई."

पत्र सिरोंच्याच्या रोशनीचं होतं. तिची आई इकडची, लग्न होऊन गोदावरीकाठी गेलेली. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं. 'बोडीच्या पाण्यात सावली कोणाची?' या ओळीला पुस्तकात जबाब होता, 'वाकल्या पाठीची, रोवणारणीची.' रोशनीनं लिहिलं होतं, 'आई पुस्तक ऐकताना म्हणाली, जबाब असा नाही.' खाली आईचा जबाब दिला होता.

गुणाबाईनं सरिताकडून तो दोनदा वाचून घेतला. "बरोबर हाये तिचं. माही माय असाच जबाब देत होती. मीच इसरली."

तेव्हा बाबांनो, मोठा आकडा दिसला की हात जोडण्याआधी विचारा, काय मोजलं आणि कसं मोजलं. पान उघडणं म्हणजे वाचणं नव्हे. वाचलेलं कुठेतरी कुणाच्या तोंडी उगवतं. ते शोधायला वेळ लागतो, विभूती लागत नाही.

दुपारी बायांना पत्रातला जबाब सांगून गुणाबाई चिखलात उतरली.

"बोडीच्या पाण्यात सावली कोणाची?"

वीस बायांनी ओळ झेलली:

"पल्याड दिलेल्या धाकल्या बहिणीची."