दोन दिवसांचं विणकाम

लोकरकाकूंना लेकाच्या शहराचं अंतर तोंडपाठ होतं. दोन दिवस! लेकानंच सांगितलेलं. "अगं आई, तीन विमानं बदलावी लागतात, मध्ये रात्रभर बाकड्यावर ताटकळायचं. तुझे गुडघे बोलायला लागतील." सहा वर्षांत तो एकदाही आला नव्हता. गल्लीत लेक का येत नाही असं कुणी खवचटपणे विचारलंच, तर काकू भांडायला कंबर कसून तयार. "दोन दिवस जायला, दोन यायला! सुट्टी काय झाडाला लागते?"

स्वेटर विणून संसार ओढलेल्या बाईला प्रवासाची कसली भीती? पण गुडघे कुरकुरत होते. शेवटी नातू चार वर्षांचा झाला आणि काकूंनी गुडघ्यांचं ऐकणं सोडलं. भाचीनं तिकीट काढलं. "मावशी, बसलीस की पोहोचलीस बघ," ती म्हणाली. आपल्याला धीर देतेय बिचारी, असं काकूंना वाटलं. तिकिटावर उतरायची वेळ संध्याकाळची होती. कुठल्या दिवसाची, हे त्यांनी बघितलंच नाही. बघायचं काय त्यात? लेकाला कळवायचं नाही, थेट दारात उभं राहायचं, असं ठरलं. नातवाचा अर्धा स्वेटर आणि लाकडी सुया त्यांनी पिशवीत टाकल्या. दोन दिवसांत दोन्ही बाह्या आणि गळा आरामात उरकला असता. दोन दिवसांची शिदोरीही घेतली.

एक बाही कशीबशी झाली, तोच विमान टेकलं. बॅगा काढायला माणसांची झुंबड उडाली. काकू टाके मोजत बसून राहिल्या.

"आजी, उतरायचं ना?" विमानातल्या मुलीनं विचारलं.

"मला पुढे जायचंय, बाळा. अजून दोन विमानं आहेत."

मुलीनं त्यांचं तिकीट बघितलं. "अहो, हेच तुमचं शहर. नऊ तासांचा तर प्रवास. दहा वर्षं झाली, रोज थेट येतं हे विमान."

काकू आधी त्या मुलीवरच भडकल्या, मग विमानावर. लेकावर भडकायची हिंमत होईना. सहा वर्षं त्याचं खोटं आपणच गल्लीभर वाटत फिरलो, हे मनात आलं आणि त्या स्वेटर पोटाशी धरून बसून राहिल्या. मुलीनं हात धरून त्यांना खाली उतरवलं.

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी फोन लावला. "अरे, म्हटलं यंदा येऊ का तुझ्याकडे?"

"आई, कितीदा सांगू? दोन दिवसांचा प्रवास आहे तो. तुझे हाल बघवणार नाहीत गं मला."

किती मायेनं बोलत होता! तेच काकूंना सोसवेना. एका बाहीचा स्वेटर त्यांनी मुठीत घट्ट आवळला.

"तुझ्या घरापासून विमानतळ किती लांब रे?"

"अर्धा तास. का गं?"

"मी इथंच बसलेय, विमानतळावर," काकू म्हणाल्या. "येतोस अर्ध्या तासात? की तुलाही दोन दिवस लागतील?"