एकशे बारा ओळींची चूक

नाकिबुले कंपालाहून सहा तास बसमध्ये अंग आंबवून गुलूला आली, ती एक बाई वाचते कशी एवढंच बघायला.

प्रोग्राममधली चूक पकडणाऱ्या कंपायलरचे संदेश लिहिणं हे तिचं काम. कुठल्याही प्रकारच्या वस्तूला चालणारा सामायिक कोड असला, की तिचे संदेश फुगायचे. तक्रारी रोजच्याच, पण लाकेरबाईंनी लिहिलं होतं, 'तुमचा कंपायलर माझ्याशी बोलतच नाही, दुसऱ्याच कुणाशी बोलतो.'

लाकेरबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. मध काढणाऱ्यांच्या संघासाठी त्या स्वतःच प्रोग्राम लिहीत. सगळ्यात मोठी मधपेटी कोणती, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी बटण दाबलं आणि चुकीच्या संदेशाच्या एकशे बारा ओळी भसाभस खाली आल्या. बाईंचं बोट पडद्यावरून सरसर फिरू लागलं.

"काय शोधताय, टीचर?"

"मी लिहिलेला शब्द. 'पेटी'. बाकी सगळं परक्याचं."

तो सत्त्याण्णवाव्या ओळीत सापडला. नाकिबुलेला धक्काच बसला. तीन वर्षं ती पहिली ओळच घासूनपुसून लख्ख करत बसली होती!

तिने तिथेच व्हरांड्यात लॅपटॉप उघडला. तासाभराने नवा संदेश आला: 'पेट्यांची क्रमवारी लावता येत नाही.'

"क्रमवारी मागितली कुणी?" बाई कडाडल्या. "मी मोठी पेटी मागितली. मुली, शेजारघरची भांडणं माझ्या दारात कशाला आणतेस?"

खरंच की. मोठी वस्तू शोधणारा सामायिक कोड आतल्या आत क्रमवारी लावत होता, आणि कंपायलर तिथूनच ओरडत होता. मुळात मागणी कुणी केली, तिथपर्यंत मागे जायला हवं होतं. बाईंनी वाढलेली मालाक्वांगची आंबट पालेभाजी पानात निवून गेली, तरी नाकिबुले उठली नाही. चारच्या सुमाराला संदेश तीन ओळींवर आला:

'चौदाव्या ओळीत तुम्ही सगळ्यात मोठी पेटी मागितलीत.
त्यासाठी दोन पेट्यांची तुलना करावी लागते.
ती कशी करायची, ते अजून सांगितलेलं नाही.'

बाईंनी तिन्ही ओळींवरून पुन्हा बोट फिरवलं.

"चुकलं का काही?" नाकिबुलेने भीतभीतच विचारलं.

"नाही गं. मोठी म्हणजे काय, हे मीच ठरवलं नव्हतं."

त्यांनी संघातल्या ओचेंगला फोन लावला. तो म्हणाला, "वजन धरू नका, टीचर. भिजलेली पेटीही जड लागते. आतल्या मधाने भरलेल्या चौकटी मोजा."

बाईंनी तसं लिहिलं. प्रोग्राम चालला.

"कुठली निघाली?" नाकिबुले पुढे झुकली.

"ओडेक गावची सातवी पेटी."

"लांब आहे का? बघू या ना!"

बाईंनी चपला शोधायला सुरुवात केली.