हात न टेकता

मी खुर्ची बोलतेय. हात नसलेली. जन्मले तेव्हा दोन्ही हात होते मला, चांगले गुळगुळीत. मग ते कापले. कुणी आणि कशाला, तेवढं ऐकून घ्या.

मला लिहिता-वाचता येत नाही. पण डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरापोरींच्या वर्गात अठरा वर्षं उभी आहे, आणि एकदा कानावर पडलेलं मी विसरत नाही.

दवाखान्याच्या सुताराने एकाच लाकडातून आम्हा बाराजणींना घडवलं. अकराजणी बाहेर गेल्या, पेशंटच्या नातेवाइकांसाठी. तिथे माणसं तासन्तास बसतात, डुलक्या काढतात, घरचं काढून बोलतात. मी एकटी वर्गात आले. वर्ग घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंना पोरं मॅडम म्हणायची. त्या माझ्यावर बसल्या, माझ्या हातांवर जोर देऊन उठल्या आणि सुताराला बोलावून म्हणाल्या, हिचे हात काढा. सुतार म्हणाला, धडधाकट खुर्ची आहे बाई, कशाला लुळी करता. मॅडम म्हणाल्या, हिला हात असले की पेशंटचे पाय खोटं बोलतात. त्याला काही ते उमगलं नाही. त्याने करवत चालवली, भुसा झाडला आणि गेला.

तेव्हापासून माझं काम एकच. माणसाने माझ्यावर बसायचं, हात छातीशी घ्यायचे आणि नुसत्या पायांवर उठायचं. बाकीच्या खुर्च्या बसण्यासाठी, मी उठण्यासाठी. माणूस हरला की म्हणतो हात टेकले. या खुर्चीवर ती सोयच नाही, असं मॅडम दरवर्षी सांगायच्या. दरवर्षी नवी पोरं हसायची. जुन्या आम्ही दोघीच.

एका मंगळवारी वॉर्डातून एका आजींना आणलं. जन्मभर कपडे शिवलेल्या. न्यूमोनिया झाला होता. औषधांनी छाती साफ झाली, पण तीन आठवडे पडून पडून पायांतलं बळ गेलं. घरी एकट्याच. मुलगा परगावी. तो वाईट नव्हता, घाबरला होता. त्याने आईला सांगून टाकलं होतं, पंधरा दिवसांत कुणाचा हात न धरता उठलीस तर राहा आपल्या घरी. नाही तर शिवणयंत्र देऊन टाकू आणि तू माझ्याकडे चल, कायमची.

मॅडमनी वर्गाला विचारलं, घरी जाताना यांना काय लिहून द्याल? एक मुलगी पुढे आली. कधी एका जागी ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिने घडाघडा वाचलं. ही गोळी सकाळी एक, ही रात्री एक, जेवणानंतर, पाच दिवस. शेवटी, नियमित व्यायाम करावा.

"किती मिलिग्रॅम?" मॅडमनी विचारलं.

वर्ग हसला. भिंगरी गोंधळली.

"गोळीला किती, कधी, किती दिवस, सगळं लिहिलंस. व्यायामाला नुसतं करावा?"

भिंगरीचे कान लाल झाले. तिने घाईघाईने लिहिलं, रोज अर्धा तास चालणे, आणि तेही वाचून दाखवलं.

आजी इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, चालायचं तर आधी उठायला नको का? माप न घेताच कापड कापलंस की."

या वेळी कुणी हसलं नाही. मग आजींना माझ्यावर बसवलं. त्यांनी हात छातीशी घेतले. त्यांचं वजन पुढे झुकलं, थरथरलं आणि मागे माझ्यावर पडलं. तीनदा. मला हात असते तर... जाऊ दे. भिंगरीने कागदावर शून्य काढलं आणि तिचा हात थांबला. आजींनी समोरून उलटं वाचलं, पण शून्य उलटं वाचलं तरी शून्यच.

भिंगरी उठली, दोन ब्लँकेटं घेऊन आली आणि घड्या करून माझ्यावर ठेवली. मी उंच झाले. आजी पुन्हा बसल्या, आणि लटपटत का होईना, उठल्या. तेव्हा कुठे पोरीने नीट लिहिलं. दोन ब्लँकेटांवर पाच वेळा, दिवसातून तीनदा, जेवणाआधी. बोलता येईना इतका दम लागला तर थांबायचं. जमायला लागलं की एक घडी कमी. आजी म्हणाल्या, असं सांग ना, कमरेत थोडं थोडं आत घ्यायचंय.

ते दिवस माझे चांगले गेले. भिंगरी रोज आजींना वॉर्डातून घेऊन यायची. आजी आकडे मोजायच्या नाहीत. एक बाही, दुसरी बाही, कॉलर, खिसा, बटणं, असं म्हणत पाच वेळा उठायच्या. मधे मधे माझ्यावर दम खात मुलाच्या लहानपणीच्या खोड्या सांगायच्या. माझ्यावर बसून कुणी घरचं बोलण्याची ती पहिलीच वेळ.

पंधराव्या दिवशी मुलगा आला. माझ्यावर एकही ब्लँकेट नव्हतं. आजी पुढे झुकल्या, अर्ध्या उठल्या आणि खाली बसल्या. भिंगरीचे हात आपोआप पुढे झाले.

"हात मागे घे," मॅडम हळूच म्हणाल्या.

भिंगरीने हात पाठीमागे घट्ट धरले. आजींनी मुलाकडे पाहिलं. तोही वाकला होता. "तू पण," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पाय थोडे मागे ओढले, नाक गुडघ्यांच्या पुढे नेलं, आणि माझ्यावरचं वजन हळूहळू कमी होत गेलं. बोटाएवढं उरलं. मग तेही गेलं. आजी उभ्या होत्या.

मुलाने विचारलं, आणि घरचा जिना? आजींनी त्याच्या हातात भिंगरीचा कागद दिला. जिन्याचंही माप घेतलंय तिने, वाच. त्याने उभ्या उभ्या वाचला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि आईची पिशवी उचलली. यंत्राचा विषय पुन्हा निघाला नाही.

आजी चालत गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. खुर्चीकडे कोण वळून पाहतं? मी मात्र बराच वेळ उबदार होते.

पुढे मॅडम निवृत्त झाल्या. भिंगरी डॉक्टर होऊन कुठे गेली, कळलं नाही. आता वर्ग पडद्यावर चालतो. व्यायामाचं पान अगदी शेवटी असतं आणि त्याच्या आधी घंटा होते. मी कोपऱ्यात आहे. अंगावर एक्स-रेच्या जुन्या पाकिटांचा ढीग. ती काही कधी उठत नाहीत. आजी पुन्हा आल्या नाहीत. पेशंट परत न येणं ही चांगली खूण, असं मॅडम म्हणायच्या. पण मला ती नुसतीच खूण. आजी अजून शिवताहेत का, हे मला कोण सांगणार?

तुमच्यापैकी कुणी डॉक्टरकी शिकत असेल तर एवढंच मागणं आहे. पाकिटं खाली ठेवा, पेशंटला माझ्यावर बसवा, आणि कागदावर काही लिहायच्या आधी त्याला उठताना बघा. तो उठला की दारापर्यंत त्याच्यासोबत जा. माझ्यापाशी थांबू नका.